इ. स. १०६० : एका वर्षाचा जागतिक पट आणि अंबरनाथचा शिलालेख – एक चिकित्सा

प्रस्तावना :

इतिहासाच्या अध्ययन-अध्यापनात वर्षवार घटनासूचीचे स्थान मोठे आहे. एखादे साल घ्यावे, त्या सालात जगाच्या निरनिराळ्या भागांत कोणते राजे गादीवर आले, कोणती युद्धे झाली, कोणते ग्रंथ पूर्ण झाले याची यादी करावी आणि तिला त्या वर्षाचा जागतिक पट म्हणावे, ही पद्धत पाठ्यपुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. विद्यार्थ्याला एकाच दृष्टिक्षेपात अनेक प्रदेश दिसतात, ही या पद्धतीची जमेची बाजू होय. परंतु अशा सूचीतील साल कोठून येते, ते कोणत्या पंचांगाचे असते, कोणत्या प्रकारच्या घटना सूचीत शिरतात आणि कोणत्या बाहेर राहतात, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा इ. स. १०६० या एका वर्षाच्या आधारे केली आहे. हे वर्ष निवडण्याचे कारण स्थानिक आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ पूर्व येथे, वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या शिवमंदिरातील शिलालेखाचे साल शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० असे मानले जाते. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या परिसरातील विद्यार्थ्याला आपल्या गावाचे जगाच्या कालपटावरील स्थान दाखवू शकेल असे हे साल आहे. मात्र जागतिक घटनासूचीत ‘१०६०’ या मथळ्याखाली अंबरनाथ सहसा आढळत नाही. ही अनुपस्थिती अपघाती नसून सूचीच्या घडणीतूनच निर्माण होते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभीच एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतीय इतिहासलेखनात साधारणतः सातव्या ते बाराव्या शतकापर्यंतच्या कालखंडास ‘आदिमध्ययुग’ किंवा ‘पूर्वमध्ययुग’ म्हटले जाते. रामशरण शर्मा, ब्रजदुलाल चट्टोपाध्याय प्रभृती इतिहासकारांच्या लेखनामुळे ही संज्ञा स्थिरावली. युरोपीय इतिहासात मात्र पूर्वमध्ययुग सामान्यतः इ. स. १००० च्या सुमारास संपते आणि अकरावे शतक पुढील टप्प्यात धरले जाते. म्हणजे एकच १०६० हे साल एका प्रदेशात पूर्वमध्ययुगीन, तर दुसऱ्या प्रदेशात त्यानंतरचे ठरते. कालखंडाचे नावसुद्धा जगभर समान नाही, हे लक्षात घेऊनच पुढील विवेचनाकडे वळले पाहिजे.

१. सालाचा आकडा कसा निश्चित झाला :

घटनासूचीत साल हे गृहीत असते. संशोधनात ते निष्पन्न व्हावे लागते. अंबरनाथच्या शिलालेखाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. इ. स. १८६८ मध्ये मुंबई सरकारच्या वतीने या मंदिराचे आरेखन व शिल्पांचे साचे घेण्याचे काम झाले. त्यात सर ज. जी. कलाशाळेचे टेरी व त्यांचे विद्यार्थी सहभागी होते. त्याच सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शिलालेखाचे वाचन केले आणि त्यातील साल शक ७८२ असे लावले. त्यानुसार मंदिराचा काळ इ. स. ८६० ठरला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचे फेरवाचन करून हे साल शक ९८२ असल्याचे दाखविले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले अभ्यासक होते. गुरूच्या वाचनाची शिष्याने केलेली ही दुरुस्ती सर्वमान्य झाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिलाहारांच्या कोरीव लेखांच्या संग्रहातही हा लेख शक ९८२ चा म्हणूनच समाविष्ट आहे.

दोन वाचनांत फरक केवळ शतकस्थानच्या एका अंकाचा आहे. सात की नऊ, एवढाच. परंतु या एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षे मागे किंवा पुढे सरकते आणि त्याबरोबर त्याभोवतीचे सारे जग बदलते. इ. स. ८६० मध्ये दख्खनवर राष्ट्रकूट अमोघवर्षाची सत्ता होती आणि उत्तर कोकणात त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी (दुसरा) हा होता. कान्हेरीच्या लेण्यांतील शक ७७५ व शक ७९९ च्या लेखांत या कपर्दीचा उल्लेख आहे. शक ७८२ हे साल या दोहोंच्या मधोमध येते. अंबरनाथच्या लेखात मात्र महामंडलेश्वर मांवाणी, म्हणजेच मुम्मुणी, याचे नाव आहे. शक ७८२ मानल्यास एकाच प्रदेशात, एकाच वेळी, एकाच घराण्यातील दोन भिन्न राजे मानावे लागतात. याउलट मुम्मुणीचा ठाणे येथील शक ९७० चा ताम्रपट उपलब्ध असल्याने शक ९८२ हे साल त्याच्या कारकिर्दीत सहज बसते.

कलेतिहासाच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अंबरनाथचे मंदिर भूमिज शैलीचे आहे. शिखराच्या चारही अंगांवरून वर जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत ओळीने रचलेली लघुशिखरे हे या शैलीचे लक्षण होय. माळवा आणि उत्तर दख्खन या प्रदेशांत ही शैली अकराव्या-बाराव्या शतकांत बहरली. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर बाराव्या शतकातील मानले जाते. अंबरनाथला इ. स. ८६० मध्ये नेल्यास या शैलीचा संपूर्ण विकासक्रम उलटा मांडावा लागेल. याचा अर्थ असा की, साल निश्चित करताना केवळ अक्षरवाचन पुरेसे नसून राजवंशाचा क्रम व वास्तुशैलीचा क्रम या दोन स्वतंत्र साक्षींशी ते जुळावे लागते.

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शक ९३४ चा की शक ११३२ चा, हा वाद मराठीतील आद्य लेखाच्या प्रश्नाशी निगडित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मसालाविषयी शक १५४९ की शक १५५१ हा वाद तर अनेक दशके चालला आणि लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीमुळे त्याला निर्णायक वळण मिळाले. साल हे असे वादातून, पुराव्यांच्या तपासणीतून सिद्ध होते. घटनासूचीत मात्र या प्रक्रियेचा मागमूस राहत नाही.

२. एक वर्ष, अनेक पंचांगे :

‘इ. स. १०६०’ हे नाव त्या वर्षी अंबरनाथच्या पाथरवटांना, ठाण्याच्या राजसभेला किंवा बंदरातील अरब व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हते. उत्तर कोकणात ते शक ९८२ होते. त्याचा आरंभ १०६० च्या चैत्रात आणि शेवट १०६१ च्या फाल्गुनात झाला. इस्लामी जगात फेब्रुवारी १०६० च्या आरंभी हिजरी ४५२ सुरू झाले; त्यापूर्वीचे दिवस हिजरी ४५१ चे होते. चीनमध्ये ते सोंग सम्राट रनझोंगच्या ‘जियायू’ या कालनामाचे पाचवे वर्ष होते, तर जपानमध्ये ‘कोहेई’ या कालनामाचे तिसरे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जगाच्या उत्पत्तीपासून वर्षे मोजली जात व नवे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होई. तेथे १०६० च्या ऑगस्टअखेर ६५६८ हे वर्ष चालू होते.

या भेदाचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. बगदादच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना, अल्-बसासिरी या सेनानीचा वध, जानेवारी १०६० मध्ये घडली. आजच्या सूचीत ती १०६० खाली नोंदवली जाते. परंतु हिजरी गणनेनुसार ती ४५१ मध्ये पडते आणि शालिवाहन शकानुसार शक ९८१ च्या अखेरीस. म्हणजे अंबरनाथचा शक ९८२ आणि अल्-बसासिरीचा वध या दोन गोष्टी ख्रिस्ती गणनेत एकाच वर्षात येत असल्या तरी कोकणच्या पंचांगानुसार त्या दोन वेगळ्या वर्षांतल्या ठरतात. ‘एका वर्षातील घटना’ हा संच कोणते पंचांग आधाराला घेतले यावर अवलंबून बदलतो.

या संदर्भात अल्-बिरूनीचे उदाहरण विचारात घेणे अगत्याचे आहे. इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात त्याने हिंदूंच्या कालगणनेचे विवेचन करताना तुलनेसाठी एक मापवर्ष ठरविले. ते यज्दगर्दी सनाचे ४०० वे वर्ष होय. त्याच्याशी त्याने विक्रम संवत १०८८, शक ९५३ व वलभी संवत ७१२ यांची जुळणी दाखविली. प्रत्येक समाजाची गणना तिच्या जागी ठेवून त्यांच्यात संगती शोधण्याचा हा प्रयत्न होता. कोकण प्रांत व समुद्रकिनाऱ्यावरील त्याची राजधानी ‘ताना’ म्हणजे ठाणे यांचाही उल्लेख याच ग्रंथात येतो. अंबरनाथच्या शिलालेखापूर्वी सुमारे तीन दशके झालेला हा प्रयत्न आजच्या अनेक घटनासूचींपेक्षा पद्धतीच्या दृष्टीने अधिक सावध आहे, असे म्हणावे लागते.

३. त्या वर्षीचे जग :

इ. स. १०६० च्या जागतिक पटावर सामान्यतः पुढील घटना नोंदवल्या जातात.

(अ) फ्रान्सचा राजा पहिला हेन्री ४ ऑगस्ट १०६० रोजी मरण पावला. त्याचा सुमारे आठ वर्षांचा मुलगा पहिला फिलिप गादीवर आला. राज्यकारभाराची सूत्रे राजमाता ॲन व फ्लँडर्सचा काउंट पाचवा बाल्डविन यांच्याकडे आली.

(आ) हंगेरीत पहिला आंद्राश व त्याचा भाऊ बेला यांच्यातील संघर्षात आंद्राशचा पराभव व मृत्यू झाला. ६ डिसेंबर १०६० रोजी बेलाला राज्याभिषेक झाला.

(इ) बगदादमध्ये १०५८ च्या अखेरीस अल्-बसासिरीने शहर ताब्यात घेऊन अब्बासी खलिफाला हद्दपार केले होते व कैरोच्या फातिमी खलिफाच्या नावाने खुतबा पढला जाऊ लागला होता. सेल्जुक सुलतान तुघ्रिलने शहर परत घेतल्यानंतर जानेवारी १०६० मध्ये अल्-बसासिरी मारला गेला.

(ई) चीनमध्ये ओउयांग श्यू व सोंग ची यांनी संपादित केलेला तांग घराण्याचा नवा इतिहास १०६० मध्ये पूर्ण होऊन सम्राटास सादर झाला.

(उ) इंग्लंडमध्ये वॉल्थम येथील हॅरल्डने उभारलेल्या चर्चचे अर्पण याच वर्षी झाले, असे मानले जाते. हाच हॅरल्ड पुढे १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेला.

भारताच्या संदर्भात या वर्षी कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर आणि चोळ दुसरा राजेंद्र हे परस्परांचे प्रतिस्पर्धी सत्तेवर होते. त्यांच्यातील कोप्पमची लढाई काही वर्षांपूर्वीच झाली होती. गुजरातेत चौलुक्य पहिला भीम, त्रिपुरीस कलचुरी कर्ण, गोव्यास कदंब पहिला जयकेशी आणि गझनीत सुलतान इब्राहिम राज्य करीत होते. माळव्याच्या राजा भोजाच्या मृत्यूस जेमतेम पाच वर्षे झाली होती.

या यादीवर एक दृष्टिक्षेप टाकला तरी तिचे स्वरूप लक्षात येते. चिनी इतिहासग्रंथ व इंग्लंडमधील चर्च वगळता सर्व नोंदी राजसिंहासनाच्या आहेत. राजाचा मृत्यू, राज्याभिषेक व लढाई यांना निश्चित दिवस असतो. म्हणून त्या वर्षवार सूचीत सहज बसतात. शिवाय ज्या समाजांत वर्षवार बखर ठेवण्याची परंपरा होती, त्यांच्याच घटना दिवसानिशी उपलब्ध होतात. इब्न अल्-असीरचा अरबी इतिहास, इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन बखर, चिनी दरबारी नोंदी ही अशा परंपरेची उदाहरणे होत. मराठीतही शकावली हा प्रकार आहे, पण तो सतराव्या शतकापासूनचा. अकराव्या शतकातील कोकणाची शकावली उपलब्ध नाही. उपलब्ध आहेत ते दगड आणि तांब्याचे पत्रे.

४. सूचीत न आलेले १०६० :

दगड आणि तांबे यांच्याकडे वळल्यास त्याच शक ९८२ चे दुसरे चित्र समोर येते. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे सापडलेला ताम्रपट याच शक ९८२ चा आहे. तो मराठी भाषेतील ताम्रपटांत सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो. त्याचा विषय सुवर्णाच्या ठेवीसंबंधीचा, म्हणजे स्थानिक व्यवहाराचा आहे. अंबरनाथचा शिलालेख संस्कृतात व दिवेआगरचा ताम्रपट मराठीत. दोन्ही कोकणातले आणि दोन्ही एकाच शकातले. देवालयाच्या उभारणीची नोंद करताना संस्कृत आणि गावातील सोन्याच्या व्यवहाराची नोंद करताना लोकभाषा, अशी भाषेची वाटणी या दोन लेखांवरून सूचित होते. मराठीच्या लेखनव्यवहाराचा इतिहास पाहणाऱ्यास ही गोष्ट फ्रान्स किंवा हंगेरीतील राज्यारोहणापेक्षा कमी महत्त्वाची नाही. तरीही ‘१०६०’ या शीर्षकाच्या जागतिक सूचीत ना अंबरनाथ येते, ना दिवेआगर.

अंबरनाथच्या लेखातही राजनामाखेरीज बरेच काही आहे. त्यात मुम्मुणीच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. त्यांतील काही ‘ऐय’ अशा कानडी वळणाच्या अंत्यपदाची आहेत. शिलाहार स्वतःस ‘तगरपुर-परमेश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. दख्खनच्या पठारावरून आलेले घराणे, कानडी वळणाचे अधिकारी, संस्कृत लेख, माळव्याशी नाते सांगणारी शैली आणि कोकणचा काळा कातळ, अशी अनेक प्रदेशांची सरमिसळ या एका मंदिरात झाली आहे. ‘महामंडलेश्वर’ ही पदवी मांडलिकाची आहे. म्हणजे हे मंदिर एखाद्या सम्राटाच्या राजधानीत नव्हे, तर एका प्रादेशिक सत्तेच्या प्रदेशात उभे राहिले. चट्टोपाध्याय यांनी पूर्वमध्ययुगाकडे ऱ्हासाचा काळ म्हणून न पाहता प्रादेशिक राज्ये व समाज यांच्या घडणीचा काळ म्हणून पाहावे असे जे प्रतिपादन केले, त्याला अंबरनाथ हे अनुरूप उदाहरण होय.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इतिहासाची व्याख्या उत्पादनाची साधने व उत्पादनसंबंध यांतील क्रमिक बदलांची कालानुक्रमे मांडणी अशी केली. राजांची नावे आणि लढायांची साले यांच्या अभावी भारताचा इतिहास लिहिता येत नाही, या समजुतीस त्यांचे हे उत्तर होते. घटनासूचीची मर्यादा याच ठिकाणी दिसते. एवढे मोठे पाषाणमंदिर उभारण्यास लागणारे अधिशेष उत्पन्न कोठून आले, ते शेतीतून की बंदरावरील जकातीतून, दगड घडविणारे कारागीर कोणत्या प्रदेशातून आले, हे प्रश्न सूचीच्या चौकटीत उपस्थितच होत नाहीत.

५. समकालीनता आणि संबंध :

घटना एकाच वर्षात घडल्या म्हणून त्या परस्परसंबद्ध ठरत नाहीत. हा विवेक सुटला की जागतिक पटाचे रूपांतर योगायोगांच्या जंत्रीत होते. अकराव्या शतकाच्या मध्यास जगात अनेक ठिकाणी भव्य धर्मवास्तू उभ्या राहत होत्या. जपानमधील ब्योदो-इन येथील फिनिक्स सभागृह १०५३ चे, जर्मनीतील श्पायर कॅथीड्रलचे अर्पण १०६१ चे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचे १०६५ चे. यांच्या रांगेत अंबरनाथ ठेवल्यास चित्र आकर्षक होते. पण या वास्तूंमध्ये परस्परसंबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. त्यांची तुलना उद्बोधक ठरू शकते. मात्र तुलना हा अभ्यासकाने जोडलेला संबंध आहे, इतिहासात घडलेला नव्हे.

याउलट त्याच सूचीत खरे संबंधही दडलेले असतात. फ्रान्सची राजमाता ॲन ही किएव्हच्या यारोस्लाव्हची कन्या, आणि हंगेरीचा पराभूत राजा आंद्राश याची राणी अनास्तासिया हीदेखील यारोस्लाव्हची कन्या मानली जाते. म्हणजे १०६० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने विधवा झालेल्या या दोन राण्या सख्ख्या बहिणी होत्या. सूचीत या दोन स्वतंत्र नोंदी असतात. त्यांच्यामागील पूर्व युरोपातील विवाहसंबंधांचे जाळे दिसत नाही.

कोकणाचा बाह्य जगाशी असलेला संबंधही असाच शोधावा लागतो. कदंब पहिल्या जयकेशीच्या शक ९८१, म्हणजे इ. स. १०५९ च्या पणजी ताम्रपटात ‘ताजिक’, म्हणजे अरब, समाजातील छडम या अधिकाऱ्याचा व ‘मिजिगिती’ म्हणजे मशिदीचा उल्लेख येतो. मुम्मुणीनंतरच्या अनंतदेवाच्या शक १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात ठाणे, नागाव, सोपारा व चौल या बंदरांत येणाऱ्या मालावरील जकातीच्या माफीची नोंद आहे. या दोन लेखांना एकत्र ठेवल्यास शक ९८२ च्या आगेमागे पश्चिम किनारा अरबी समुद्राच्या व्यापारात गुंतलेला होता, हे निश्चितपणे सांगता येते. बगदादवर कोणाच्या नावाने खुतबा पढला जातो याचा आणि पर्शियन आखात व तांबडा समुद्र यांपैकी कोणता व्यापारमार्ग वरचढ ठरतो याचा संबंध इतिहासकारांनी दाखविला आहे. अंबरनाथ व बगदाद यांच्यातील खरा दुवा ‘१०६०’ हा आकडा नसून समुद्रमार्ग आहे.

६. एक रात्र, एक वर्ष आणि अनेक दशके :

अंबरनाथच्या मंदिराविषयी परिसरात एक आख्यायिका प्रचलित आहे. वनवासातील पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत उभारले आणि उजाडल्यामुळे शिखर अपुरे राहिले, असे लोक सांगतात. शिखराचा वरचा भाग आज नाही. मंडपातून पायऱ्या उतरून खालच्या पातळीवरील गर्भगृहात गेल्यावर वर मोकळे आकाश दिसते. या प्रत्यक्ष दृश्याचा अर्थ लावण्याचा आख्यायिका हा एक प्रयत्न आहे. सुशिक्षित मंडळी तिला हसतात आणि ‘मंदिर १०६० मध्ये बांधले गेले’ असे सांगतात. परंतु हे विधानही तपासून पाहिले पाहिजे.

शिलालेखात मुम्मुणीबरोबर त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचेही नाव येते. त्यावरून मंदिराचा आरंभ छित्तराजाच्या काळात झाला व ते मुम्मुणीच्या काळात पूर्णत्वास गेले, असे अभ्यासक मानतात. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शक ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. त्याच्या व मुम्मुणीच्या दरम्यान मधला भाऊ नागार्जुन गादीवर होता. या तिन्ही भावांचा आश्रय लाभलेल्या सोड्ढल या कवीने ‘उदयसुंदरीकथा’ या आपल्या संस्कृत ग्रंथात त्यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे मंदिराच्या उभारणीचा काळ तीन कारकिर्दींना स्पर्श करणारा आणि बहुधा पंचवीस वर्षांहून अधिक असावा. शक ९८२ हे साल लेखाचे आहे, पूर्ततेचे आहे. उभारणीचे सर्व वर्तमान त्यात मावत नाही. आख्यायिका हा काळ एका रात्रीत आणते, घटनासूची एका वर्षात. दुसरे विधान पुराव्याच्या जवळ आहे हे खरे, पण दोन्हींत कारागिरांच्या एका पिढीचे श्रम दृष्टिआड होतात.

साल पुढच्या काळाविषयीही मौन बाळगते. खारेपाटण ताम्रपटात अनंतदेवाने आपल्या पूर्वीच्या आपत्काळाचा उल्लेख केला आहे. भाऊबंदकीच्या वैरामुळे आणि परकीयांच्या उपद्रवामुळे कोकणची भूमी त्रस्त झाली होती, असे त्यात म्हटले आहे. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत उत्तर कोकणच्या राजाचा जयकेशीने वध केल्याचा दावा असून तो राजा मुम्मुणी असावा असे मानले जाते. या पार्श्वभूमीवर अंबरनाथचा लेख हा शिलाहारांच्या एका स्थिर कालखंडाच्या उत्तरार्धातला ठरतो. १०६० च्या सूचीत ही चढउताराची रेषा उमटत नाही.

७. अध्यापनासाठी काही सूचना :

वरील चिकित्सेचा हेतू वर्षवार घटनासूची त्याज्य ठरविण्याचा नाही. एका वर्षाचा आडवा छेद घेतल्याने विद्यार्थी आपल्या प्रदेशापलीकडे पाहू लागतो, हे तिचे मोल मान्य केलेच पाहिजे. मात्र ती वापरताना पुढील पथ्ये पाळणे इष्ट होईल.

(१) सूचीतील प्रत्येक घटनेपुढे मूळ साधनातील कालगणना द्यावी. अंबरनाथपुढे शक ९८२, बगदादपुढे हिजरी ४५१, चीनपुढे जियायू ५ असे लिहिल्यास वर्ष हे मानवनिर्मित माप आहे हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

(२) पुराव्याचा प्रकार नमूद करावा. शिलालेख, ताम्रपट, बखर, दरबारी इतिहास, काव्य यांचे प्रामाण्य सारखे नसते.

(३) घटना दिवसाची, वर्षाची की अनेक वर्षांची आहे हे स्पष्ट करावे. राज्याभिषेक व मंदिराची उभारणी एकाच रकान्यात एकाच अर्थाने लिहू नयेत.

(४) समकालीन घटनांमध्ये संबंध सांगताना त्याचा पुरावा दाखवावा. पुरावा नसल्यास ती केवळ तुलना आहे असे नोंदवावे.

(५) सूचीची सुरुवात स्थानिक नोंदीने करावी. अंबरनाथ परिसरातील महाविद्यालयांना शक ९८२ चा दगड चालत जाण्याच्या किंवा लोकलच्या एक-दोन स्थानकांच्या अंतरावर उपलब्ध आहे. शक ७८२ व शक ९८२ या दोन वाचनांपैकी कोणते ग्राह्य, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उघडपणे ठेवून कान्हेरीचे लेख, मुम्मुणीचा ताम्रपट व भूमिज शैली यांच्या साहाय्याने त्यांना निष्कर्षापर्यंत येऊ द्यावे. इतिहास, मराठी, संस्कृत व भूगोल या विभागांना संयुक्तपणे घेता येईल असा हा उपक्रम आहे.

समारोप :

इ. स. १०६० या एका वर्षाच्या परीक्षणातून पुढील बाबी स्पष्ट होतात. घटनासूचीतील साल हे सिद्ध करावे लागणारे विधान आहे. अंबरनाथच्या बाबतीत एका अंकाच्या वाचनावर दोनशे वर्षांचा फरक अवलंबून होता. ‘एक वर्ष’ ही चौकट पंचांगानुसार बदलते. सूचीत कोणती घटना येते हे तिच्या महत्त्वापेक्षा तिची नोंद कोणत्या प्रकारच्या साधनात झाली यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच ज्या शकात मराठीतील एक आद्य ताम्रपट लिहिला गेला आणि अंबरनाथच्या मंदिरावर लेख कोरला गेला, ते शक ९८२ जागतिक पटावर कोरे दिसते.

हा कोरेपणा भरून काढण्याचे काम अंबरनाथचे नाव यादीत घालून संपणार नाही. यादी कशी तयार होते हे समजून घेणे, ही त्याची पहिली पायरी होय. वालधुनीच्या काठावरील मंदिर पाहून आलेला विद्यार्थी ‘हे १०६० मध्ये बांधले’ एवढे पाठ करून न थांबता, ‘हे साल कोणी, कशावरून ठरविले आणि त्यापूर्वी येथे किती वर्षे छिन्नी चालत होती’ असे विचारू लागला, तर एका वर्षाचा जागतिक पट त्याच्यापुरता सार्थकी लागला असे म्हणता येईल.